पन्हाळा : गड, गाव आणि पाहुणे

कोल्हापुरातील व्यापारी घरांना पन्हाळा परका नाही. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडावा, रत्नागिरीच्या रस्त्याने वाघबीळ गाठावे, तेथून वळणे घेत गड चढावा, की तासाभरात डोंगरमाथ्याचे गार वारे अंगाला लागते. बाहेरगावचे पाहुणे आले, घरात नवी सून आली, मुलांना सुट्टी लागली, की पेढीवरचा एक दिवस बाजूला काढून हा सुमारे वीस किलोमीटरांचा प्रवास ठरतो. सज्जाकोठीपाशी छायाचित्रे, तीन दरवाजाजवळ झुणका-भाकर, वर घट्ट दही आणि सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचे म्हणून परतीची घाई. कित्येक पिढ्यांनी पन्हाळा असा पाहिला. इतका जवळचा असल्यामुळेच कदाचित तो नीट पाहावयाचा राहून गेला.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने 'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाखाली बारा किल्ल्यांचा समावेश जागतिक वारसा यादीत केला. त्यांत अकरा किल्ले महाराष्ट्रातील आणि एक, जिंजी, तमिळनाडूतील. रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी यांच्या पंक्तीत पन्हाळ्याचे नाव आले. कोल्हापूरकरांना याचा अभिमान वाटणे साहजिकच होते. परंतु पन्हाळ्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथे तटाच्या आत घरे आहेत, शाळा आहेत, देवळे आणि दर्गा आहे, नगरपरिषद आहे, तालुक्याची कचेरी आहे. गड हे येथील माणसांचे गाव आहे आणि पाहुणा हा त्यांचा चरितार्थ आहे. पाहुण्यांचा ओघ वाढणार, तेव्हा हा गड, हे गाव आणि येणारा पाहुणा यांनी एकमेकांना कसे सांभाळावे, हा प्रश्न आता टाळता येणारा नाही. त्याचे उत्तर शोधू लागले, तर ते बऱ्याच अंशी गडाच्या इतिहासातच सापडते. आणि त्या इतिहासात व्यापाऱ्यांचा भाग लहान नाही.

नागांचे घर आणि शिलाहारांचा गड

पन्हाळ्याचे जुने नाव 'पन्नगालय' असे सांगतात. पन्नग म्हणजे नाग, त्याचे आलय म्हणजे घर. शिलाहारांच्या लेखांत 'प्रणालक' असे रूप येते, तर सतराव्या शतकातील संस्कृत रचनांत 'पर्णाल' असे नाव आढळते. शिलाहार घराण्यातील दुसरा भोज याने हा गड बांधला. साताऱ्यास मिळालेल्या एका ताम्रपटावरून ११९१-९२ च्या सुमारास त्याचा दरबार येथे भरत होता असे दिसते. पुढे देवगिरीच्या यादवांपैकी सिंघणाने भोजाचा पराभव केला आणि कोल्हापूरचे शिलाहार राज्य संपले. यादवांनी या विजयानंतर घेतलेल्या बिरुदात सिंघणाला गरुडाची आणि पन्हाळ्यावर राहणाऱ्या भोजाला सर्पाची उपमा दिली आहे. गडाच्या नावावर केलेली ही कोटी विजेत्याची असली, तरी त्या काळी पन्हाळा आणि भोज ही नावे किती एकरूप झाली होती, हे तिच्यावरून कळते.

जैन समाजाच्या दृष्टीने शिलाहारांचा काळ विशेष मोलाचा. हे राजघराणे स्वतःला महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले म्हणवीत असे. असे असूनही त्यांच्या राज्यात जिनालयांना उदार आश्रय मिळाला. भोजाचा आजा गंडरादित्य याने मिरज प्रांतात 'गंडसमुद्र' नावाचा तलाव बांधला आणि त्याच्या काठी शिव, बुद्ध आणि अर्हत या तिघांचीही मंदिरे उभारली. त्याचा सामंत निंबदेव याने कोल्हापुरात रूपनारायण बस्ती बांधली. खुद्द भोजाच्या कारकिर्दीत, १२०५ मध्ये, आजऱ्याच्या त्रिभुवनतिलक जिनालयात बसून सोमदेवांनी 'शब्दार्णवचंद्रिका' ही जैनेंद्र व्याकरणावरील टीका पूर्ण केली. राजा गडावर तट बांधीत होता आणि त्याच्याच राज्यात एक मुनी शब्दांची शुद्धी करीत होते.

याच काळातील एक कोल्हापूरचा शिलालेख प्रत्येक व्यापारी कुटुंबाने माहीत करून घ्यावा असा आहे. गंडरादित्याच्या कारकिर्दीतील, बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील हा लेख. कोल्हापूर, मिरज आणि दूरदूरच्या पेठांतील व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी एकत्र जमले आणि बाजारात येणाऱ्या मालावर ठरावीक हिस्सा कोल्हापूरच्या बस्तीसाठी देण्याचे त्यांनी ठरविले, अशी त्यात नोंद आहे. राजाने कर बसविला नव्हता. व्यापाऱ्यांनी स्वतः होऊन आपल्या उलाढालीतून गावाच्या धर्मकार्यासाठी वाटा बाजूला काढला होता. ज्या पेठेवर आपली उपजीविका चालते तिचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव कोल्हापूरच्या बाजारात सुमारे नऊशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली.

वेढा, तोफा आणि परदेशी वखार

यादवांनंतर गड बहामनींकडे आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला. आज दिसणारे तट, दरवाजे आणि इमारती यांतील मोठा भाग आदिलशाही काळात घडला. दख्खन आणि कोकण यांना जोडणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवणारे हे ठिकाण. गड हाती असेल त्याच्या हाती त्या वाटांवरची वाहतूकही असे.

अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनी, २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, शिवाजी महाराजांनी पन्हाळा घेतला. पुढच्याच वर्षी सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला आणि तो सुमारे चार महिने टिकला. जुलै १६६० मधील एका पावसाळी रात्री महाराज वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे निघाले. गडाखालच्या नेबापूरचे शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसले आणि शत्रूच्या हाती सापडून त्यांनी मरण पत्करले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांचे सोबती यांनी शत्रूला रोखून धरले व देह ठेवला. त्या खिंडीला पुढे पावनखिंड म्हणू लागले. आजही दरवर्षी जुलैत शेकडो तरुण भर पावसात पन्हाळा ते पावनखिंड ही वाट पायी चालतात.

या वेढ्यातील एक प्रसंग व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. राजापूरला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. तिचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला आला आणि इंग्रजांचे निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारासाठी आलेल्या लोकांनी यजमान प्रदेशातील युद्धात एका बाजूने तोफ डागली. महाराज ही गोष्ट विसरले नाहीत. १६६१ मध्ये त्यांनी राजापुरावर स्वारी केली, वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह इंग्रज कैदेत पडले. वखारीचा नफा तर बुडालाच, पतही बुडाली.

वेढ्यानंतर गड आदिलशाहीला द्यावा लागला. तो परत घेतला कोंडाजी फर्जंद यांनी, मार्च १६७३ मध्ये, साठ निवडक माणसांच्या बळावर. या विजयावर जयराम पिंड्ये यांनी 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्य रचले. एका गडाच्या प्राप्तीवर स्वतंत्र काव्य लिहिले जावे, यावरून त्या गडाचे मोल कळते. १६८० च्या जानेवारीत शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज यांची अखेरची भेट पन्हाळ्यावरच झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत थोरल्या महाराजांचे देहावसान झाले.

पुढे औरंगजेब स्वतः पन्हाळ्याखाली तळ देऊन बसला. एप्रिल १७०१ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर विल्यम नॉरिस त्याला याच छावणीत भेटला. व्यापाराच्या सवलती मिळविण्यासाठी तो मोठ्या लवाजम्यासह, बहुमोल नजराणे घेऊन आला होता. समुद्रावरील चाचेगिरीचा बंदोबस्त करण्याची हमी बादशहाने मागितली, ती इंग्रजांना देता येईना, बोलणी फिसकटली. परतीच्या समुद्रप्रवासात नॉरिसचा मृत्यू झाला. कोल्हापूरच्या या डोंगरापाशी इंग्रजांचा व्यापार दोनदा आला आणि दोन्ही वेळा रिकाम्या हाताने गेला.

राजधानी, बंड आणि हवा खाण्याचे ठिकाण

१७१० च्या सुमारास महाराणी ताराबाईंनी पन्हाळ्यावर आपले ठाणे पक्के केले आणि कोल्हापूरच्या स्वतंत्र गादीचा पाया येथे घातला गेला. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापुरास हलली. आज ज्या शहरात शाहूपुरीचा गूळ आणि लक्ष्मीपुरीचे धान्य विकले जाते, त्या शहराला राजधानीपण आले ते पन्हाळ्यावरून.

१८४४ मध्ये गडकऱ्यांनी इंग्रजी कारभाराविरुद्ध उठाव केला. पिढ्यान्पिढ्या गड राखणाऱ्या या कुटुंबांची वतने आणि हक्क नव्या व्यवस्थेत धोक्यात आले होते. त्यांनी साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याला पकडून पन्हाळ्यावर ठेवले. १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजी फौजेने गड घेतला आणि त्यानंतर तटबंदी व दरवाजे पाडून टाकण्यात आले. पूर्वेकडचा भव्य चार दरवाजा तेव्हा नाहीसा झाला. आज मोटारीने गडावर शिरताना पाहुण्याला वेस लागत नाही, याचे कारण हे आहे.

महाबळेश्वराची गोष्ट याहून निराळी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम हे मूळचे स्कॉटलंडचे. १८२८-२९ च्या सुमारास त्यांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी बोलणे करून डोंगरावर जागा मिळविली, आणि आजाऱ्यांना व अधिकाऱ्यांना हवापालट व्हावा म्हणून नवे ठाणे वसविले. त्याला माल्कम पेठ हे नाव मिळाले. विश्रांतीसाठी गाव, असा तो क्रम होता. पन्हाळ्यावर गाव आधी होते, विश्रांती मागून आली. संस्थानी काळात आणि त्यानंतर येथे बंगले उठले. लता मंगेशकर यांचाही गडावर बंगला होता. कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीने येथील तट आणि बुरूज पडद्यावर आणले. तरीही गडाचे मूळ रूप पेठेसारखे झाले नाही. तट ओलांडून गेले की घरे, घरांच्या मागे पुन्हा तट.

पाहावे काय आणि कसे

पन्हाळा एका दिवसात पाहून होतो, हा समज सोडावा. दख्खनच्या पठाराचे लाव्हाथर मोजताना भूशास्त्रज्ञांनी एका थरसमूहाला 'पन्हाळा' हेच नाव दिले आहे. काळ्या पाषाणावर जांभ्या दगडाचे टोपण, अशी या डोंगराची घडण आहे. तटाचा घेर सुमारे सात किलोमीटर भरतो. शक्य तेथे गाडी एका ठिकाणी ठेवून पायी फिरावे. मुलांना आणि आजी-आजोबांना झेपेल असे दोन टप्पे करावेत.

पहिला टप्पा अंबरखान्याचा. बालेकिल्ल्याच्या भागात गंगा, यमुना आणि सरस्वती या नावांची तीन धान्यकोठारे आहेत. गंगा कोठी सर्वांत मोठी, सुमारे पस्तीस फूट उंच. पंचवीस हजार खंडी धान्य मावेल एवढी तिची क्षमता सांगितली जाते. आतून पाहिले तर सोळा खण, प्रत्येकावर घुमटी छत आणि छतात चौकोनी झरोका. धान्य वरून झरोक्यातून ओतायचे आणि खालून काढायचे. भात, नाचणी, वरी हे येथील साठवणीचे धान्य. धान्याच्या पेढीवर वाढलेल्या मुलाला येथे काही समजावून सांगावे लागत नाही. हवा खेळती ठेवणे, ओल टाळणे आणि माल भरताना वजनाला वाव ठेवणे हे त्याने घरी पाहिलेले असते. चार महिने वेढा सोसणाऱ्या गडाचे खरे बळ तोफेइतकेच या कोठारात होते. जवळच धर्मकोठी आहे. तेथील धान्य गरजूंना दिले जाई. लढाईच्या गडावर आहारदानासाठी वेगळी इमारत असावी, ही गोष्ट मुलांना थांबवून दाखवावी अशी आहे.

दुसरा टप्पा पश्चिम कडेचा. तीन दरवाजा ही दुहेरी वेस, मध्ये चौक आणि दोन्ही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. दगडावरचे नक्षीकाम नाजूक, पण रचना पूर्णपणे लष्करी. पहिली वेस ओलांडून आलेला शत्रू चौकात कोंडला जावा, हा तिचा हेतू. दरवाजावरील फार्सी लेख इब्राहिम आदिलशहाच्या काळाची साक्ष देतो. जवळच अंधार बाव. काळ्या दगडातील ही तीन मजली वास्तू बाहेरून साध्या घरासारखी दिसते. तळाशी विहीर, मधल्या मजल्यावर तटाबाहेर उघडणारी वाट आणि वर पहारेकऱ्यांची जागा. शत्रूने गडाचे पाणी नासवू नये म्हणून विहिरीवर घरच बांधले. पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या कुटुंबाला पाण्याच्या या राखणीचे मोल वेगळे सांगावयास नको.

पूर्वेच्या कड्यावर सज्जाकोठी. वरच्या मजल्यावरून जोतिबाचा डोंगर आणि खालचे खोरे दिसते. शिवाजी-संभाजी यांच्या अखेरच्या भेटीची आठवण या वास्तूशी जोडली गेली आहे. पुसाटी बुरूज, राजदिंडी, वाघ दरवाजा, सोमेश्वर आणि त्याचे तळे, सादोबाचे तळे व दर्गा, पराशर ऋषींच्या नावाची लेणी ही आणखी ठिकाणे. राजदिंडी पाहताना मात्र घाई करू नये. त्या रात्री महाराज ज्या बाजूने उतरले, त्या बाजूचा हा अवघड उतार आहे. बाजीप्रभूंचा पुतळा गडावर आणि शिवा काशीद यांचे स्मारक पायथ्याशी. दोन्हीकडे नमस्कार करूनच पाहुण्याने परतावे.

कवी मोरोपंतांचा जन्म पन्हाळ्याचा, १७२९ चा. गडावर त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे. शेजारी पावनगड हा जोडकिल्ला. वेळ असेल तर मसाईचे पठारही पाहावे. पावसाळा उतरताना तेथे रानफुले फुलतात, परंतु ती फुले पायाखाली येणार नाहीत एवढी काळजी घेणाऱ्यानेच तिकडे वळावे.

आज्ञापत्राचा धडा

या सर्व ठिकाणांपेक्षा कमी गर्दीचे, पण व्यापारी कुटुंबाने आवर्जून जावे असे एक स्थळ गडावर आहे. ती रामचंद्रपंत अमात्यांची समाधी. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजी महाराजांपर्यंत या कर्तबगार पुरुषाने राज्याची सेवा केली. १७१५-१६ च्या सुमाराचे 'आज्ञापत्र' त्यांच्या नावाने ओळखले जाते. राज्य कसे चालवावे याचा हा ग्रंथ. त्यात किल्ल्यांवर एक प्रकरण आहे आणि सावकारांवर, म्हणजे व्यापाऱ्यांवरही, एक प्रकरण आहे.

व्यापारी ही राज्याची शोभा आहे, असे ग्रंथकार म्हणतात. न मिळणाऱ्या वस्तू ते आणतात, अडचणीच्या वेळी कर्ज देतात, म्हणून त्यांचा मान राखावा, त्यांच्यासाठी पेठा वसवाव्यात, दूरच्या व्यापाऱ्यांना आणून वसवावे, असा उपदेश आहे. परंतु टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, तेथेच सावधगिरीचा इशाराही आहे. हे व्यापाराच्या निमित्ताने येतात, पण त्यांच्या पाठीमागे राज्यलोभी राजे आहेत. त्यांना मोक्याच्या जागी स्थळ देऊ नये, असे त्यात बजावले आहे. म्हणजे व्यापाऱ्याचे दोन प्रकार अमात्यांनी ओळखले होते. एक, जो पेठेत राहून पेठ मोठी करतो. दुसरा, जो नफा घेताना यजमानाची भूमीही गिळू पाहतो.

किल्ल्यांच्या प्रकरणात पाणी आणि झाड यांचा विचार तितकाच बारकाईने केला आहे. गडावर आधी पाणी पाहावे, नसेल तर खडक फोडून टाकी बांधावीत, एका झऱ्यावर विसंबून राहू नये, साठविलेले पाणी जपून वापरावे, असे त्यात सांगितले आहे. आंबा, फणस यांसारखी झाडे लाकडासाठी उपयोगी असली तरी त्यांना हात लावू नये, कारण प्रजेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याची संमती घेऊन आणि त्याचे मोल देऊन घ्यावे, अशी आज्ञा आहे. तीन शतकांपूर्वीचे हे शब्द आजच्या पन्हाळ्याला जसेच्या तसे लागू पडतात.

गावाचा प्रश्न, पाहुण्याचा धर्म

२०२१ च्या जुलैमधील अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ता खचला आणि मोटारींची वाहतूक बंद पडली. पाहुणे थांबले की येथील चुली थंड होऊ लागतात. झुणका-भाकर करणारी बाई, दही विकणारा, घोडेवाला, लॉजवाला, वाटाड्या या सर्वांचा व्यवहार एका रस्त्यावर अवलंबून आहे. दुसरीकडे, पाहुणे वाढले की पाणी, कचरा आणि मोटारी यांचा भार त्याच लहानशा माथ्यावर पडतो. वारसा म्हणून तट जपायचा, तर तटाजवळच्या बांधकामांवर नियम येणार. घर दुरुस्त करावयाचे, खोल्या वाढवावयाच्या, तर गावकऱ्याला परवानगीचा विचार करावा लागणार. जागतिक मानाचे हे ओझे मुख्यतः तटाच्या आत राहणाऱ्यांनी उचलायचे आणि आनंद मात्र सर्वांनी घ्यायचा, असा व्यवहार न्यायाचा नव्हे.

येथे जैन आचारातील एक जुना विचार मार्गदर्शक ठरतो. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त गृहस्थाच्या गुणव्रतांमध्ये अनर्थदंडाचा त्याग सांगितला आहे. त्यातील 'प्रमादचर्या' या प्रकारात त्यांनी विनाकारण माती उकरणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे यांच्याबरोबर निष्प्रयोजन भटकणे आणि इतरांना भटकविणे याचाही समावेश केला आहे. हेतू नसलेल्या फिरण्याला त्यांनी दोषांत गणले. याचा अर्थ घराबाहेर पडू नये असा नाही. पाहण्यात हेतू असावा, जाण्यात सावधपणा असावा आणि आपल्या जाण्याने कोणत्याही जिवाची विनाकारण हानी होऊ नये, असा त्याचा आशय आहे. ज्ञानासाठी केलेला प्रवास आणि बेफिकीर सहल यांतला फरक याहून नेमका क्वचितच कोणी सांगितला असेल.

म्हणून पन्हाळ्याला निघणाऱ्या कुटुंबाने काही साध्या गोष्टी ठरवून घ्याव्यात. घरचे गाळलेले पाणी घरच्या भांड्यांत न्यावे. रिकाम्या बाटल्या गडावर राहणार नाहीत. पावसाळ्यात, विशेषतः चातुर्मासात, गवत जीवजंतूंनी भरलेले असते. तेव्हा मळलेली वाट सोडू नये. तटाच्या दगडावर नाव कोरणारा हात आपल्या घरातला नसावा. कांदा-लसूण न घातलेले पिठले आणि भाकरी आधी सांगितल्यास गडावरच्या गृहिणी आनंदाने करून देतात. तिथेच जेवावे, घासाघीस न करता तिचे मोल द्यावे. शिदोरी बांधून नेली आणि कागद मात्र तेथे टाकून आले, तर गावाच्या वाट्याला फक्त कचरा येतो. गाडी कमी फिरवावी, एखादी रात्र गडावर मुक्काम करावा. रविवारच्या गर्दीत भर घालण्यापेक्षा सवडीचा साधा वार निवडावा.

याहून पुढचे पाऊल मंडळांनी आणि पेढ्यांनी उचलावयाचे आहे. आहार, औषध, शास्त्र आणि अभय ही चार दाने समाजाला परिचित आहेत. गडावरच्या शाळेला आणि मोरोपंतांच्या नावाच्या ग्रंथालयाला पुस्तके देणे हे शास्त्रदान होईल. तळ्याच्या स्वच्छतेला, झाडांच्या राखणीला हात लावणे हे मुक्या जिवांना अभयदान होईल. सहलीच्या खर्चातील एक लहान हिस्सा गावासाठी बाजूला काढण्याची रीत एखाद्या युवक मंडळाने सुरू केली, तर ती नवी ठरणार नाही. बाजारात आलेल्या मालावर हिस्सा ठरविणाऱ्या बाराव्या शतकातील कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी ती आधीच घालून दिली आहे.

भोजाचा दरबार गेला, आदिलशाही गेली, राजधानी खाली उतरली, दरवाजे पाडले गेले. अंबरखाना रिकामा झाला, पण त्याच्या भिंतींत आजही ओल शिरत नाही, असे जुने लोक कौतुकाने सांगतात. जे नीट साठविले आणि गरजेप्रमाणे वाटले, ते टिकले. पुढच्या वेळी कुटुंबासह पन्हाळ्याला जाणे होईल, तेव्हा सज्जाकोठीकडे धावण्यापूर्वी घटकाभर धर्मकोठीपाशी थांबावे आणि घरातील सर्वांत लहान मुलाला विचारावे, की लढाईच्या गडावर ही कोठी कोणी आणि कशासाठी बांधली असेल. त्या उत्तरापासून गड पाहावयास सुरुवात झाली, तर तो खऱ्या अर्थाने पाहिला जाईल.